काळू तुमच्या मागे गेला नाही

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण आज सकाळी आपल्या काळूला कांद्याच्या वावराच्या बांधाला पुरून आलो, आणि हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं. मला रडू येत नाहीये. खड्डा बुजवला, हातपाय धुतले, डेअरीत दूध घातलं. चहासुद्धा प्यालो.

तुमचं सुतक फिटलं आणि अमावस्या आली. पिकअपपुढे नारळ मी फोडला. काळू नेहमीसारखा चाकाजवळ येऊन बसला. तुम्ही चाकूने खोबरं सोडवून, बारीक तुकडे करून त्याला भरवायचात आणि मी चिडवायचो, "हा कुत्रा आहे की घरचा जावई?" त्या दिवशी तुमची फार आठवण आली, म्हणून त्याला अख्खी वाटी दिली. करवंटीसकट! तो खुशीत कडाकडा फोडत बसला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने भाकरीला तोंड लावलं नाही. ओकायचा आणि तुमच्या खाटेखाली जाऊन पडायचा. बिबट्याच्या भीतीने तुम्ही त्याच्या गळ्यात बांधलेला खिळ्यांचा पट्टा मी काढून ठेवला. भेटायला आलेले पाहुणे म्हणायचे, "लई माया व्हती राव! मालकाच्या मागं अन्न सोडलं बघा." कुणी फोटो काढले. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत रडली. आणि मी? मलाही ते ऐकून बरं वाटत होतं, अण्णा. तीन दिवस बरं वाटत होतं.

चौथ्या दिवशी त्याला ओतूरला जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पोट चाचपलं, लगेच ऑपरेशन केलं आणि करवंटीचे दोन तुकडे माझ्यापुढे ठेवले. "खोबरं जरासं दिलं तर कुत्र्याला काही होत नाही," ते म्हणाले. "ही आतड्यात अडकली. पहिल्याच दिवशी का नाही आणलात?" काळू टेबलावरून उठलाच नाही.

तुमच्यावर थोडा रागही आहे. खोबरं सोडवूनच का द्यायचं, कधी कारण सांगितलंत का? "आसंच द्यायचं आसतं," एवढंच म्हणायचात. आणि सांगितलं असतंत तरी मी ऐकलं असतं का? बहुतेक हसलोच असतो.

आई म्हणते, "आता कुनाला काय सांगू नको. त्यांच्या मागं गेला म्हन, बास." निम्मा गाव तसं म्हणायलाही लागलाय.

मी म्हणणार नाही. ओतूरला न्यायला पिकअपमध्ये ठेवताना त्याने माझा हात चाटला, अण्णा. त्याला कुठेही जायचं नव्हतं. करवंटी मी दिली, तीन दिवस घरात बसवून मी ठेवला. जो कुणी विचारेल त्याला हेच सांगेन, आईसमोरसुद्धा. हा तुम्हाला शब्द.

तुमचा,
दत्ता