अकरा वरांचे मंगलाष्टक

महाल, नागपूर
१४ फेब्रुवारी १९७८

प्रिय मित्र चंपतराव यांस केशवाचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण हल्ली घातल्यावर उठवायला दोन माणसे लागतात आणि घरात माझी बहीण यमुताई एकटीच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? उजव्या कानाने ऐकू येऊ लागले की अजून डावाच कामाला जुंपला आहेस? नरखेडला संत्र्याचा मृग बहार यंदा चांगला लागला असे ऐकतो. पाटी पाठवशील तर वर हिरवी पाने घालू नकोस, आम्ही शहरातले असलो तरी खालची लहान फळे ओळखतो. आमचे चिरंजीव कोराडीच्या वीजकेंद्रात राख खाऊन सुखरूप आहेत. नात लतिका माझ्याकडेच असते. माझे अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून पाकिटावर पत्ता तीच घालते आणि तीच ते चिकटवते. आतले पत्र ती वाचत नाही (असे ती म्हणते).

चंपत्या, तुला काटोलची शाळा आठवते का गा? शनिवारची सकाळ, कौलांतून येणारी उन्हाची पट्टी, आणि चाळीस कंठांतून निघणारे ते वृत्त! गुरुजी गुरूला छडी आपटीत आणि लघूला नुसती हलवीत. अर्थ आपल्याला कशाचाच कळला नाही, पण चाल अशी अंगात भिनली की आजही मी जिना उतरतो तो शार्दूलविक्रीडितात. बाराव्या पायरीवर थांबतो, कारण तिथे यती आहे, चरणातली थांबायची जागा. (यमुताईला वाटते मला दम लागतो.) माझ्या पुढच्या साऱ्या अनर्थाचे मूळ त्या छडीत आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाच.

दिवाळीनंतर आपला राष्ट्रीय फुटबॉल संघ परदेशी जाऊन चार गोलांनी हरून आला, हे तुझ्या डाव्या कानावर आले असेलच. नसेल तर तू भारतात एकटाच. जाण्यापूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडच्या पानठेल्यावर रेडिओला झेंडूचा हार घातला होता. आपण कसे जिंकणार, आपला डावा बॅक नागपूरचा, आपण पोरगा किती वेळा दुधाच्या रांगेत पाहिला, अशी सगळी 'आपण आपण' भाषा होती. चौथा गोल झाला आणि सगळे व्याकरणच फिरले. 'ते' हरले. 'त्यांना' लाज नाही. 'त्यांना' कोणी पाठवले? हार उतरवून गाईला घातला, तर्री-पोह्यांच्या बशा आपटल्या गेल्या, आणि ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नाही अशांनी अकराही जणांना पायाने कसे खेळावे ते सांगितले. मीही ती कॉमेंट्री ऐकली होती. अंगणात, उन्हात पाय सोडून, डोळे मिटून, पूर्ण एकाग्रतेने.

आमचे शेजारी भैयाजी 'दैनिक गोंडवन' काढतात. (खप सातशे. त्यांतले दोनशे पुड्या बांधायला जातात, आणि भैयाजींच्या मते तेच खरे चोखंदळ वाचक.) भैयाजींनी आयुष्यात कबड्डीखेरीज काही पाहिले नाही. त्यामुळे, आपल्या खेळाडूंनी प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून त्याला आडवा का केला नाही, असा खरमरीत अग्रलेख त्यांनी लिहिला. मथळा होता, 'अकरा मढी विमानाने परतली'. मग संध्याकाळी येऊन म्हणाले, गुरुजी, गद्यात आता शिव्या उरल्या नाहीत, पद्यात काही आहेत का?

चंपत्या, निवृत्त मराठीच्या मास्तराला असे विचारणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यात पुन्हा घुंगूर बांधणे. रात्रीचे जेवण सोडून मी 'पराभवाष्टक' लिहिले, शार्दूलविक्रीडितात, थेट मंगलाष्टकांच्या चालीवर. अकराही जण मैदानात नवरदेवासारखे उभे होते आणि धावपळ दुसरेच करीत होते, ही माझी मध्यवर्ती कल्पना. लतिकाने सुवाच्य अक्षरात नक्कल करून छापखान्यात दिली. खाली सही 'कंदुकदास'. पहिले कडवे तुझ्यासाठी देतो, मोठ्याने म्हण, म्हणजे गुडघ्यालाही बरे वाटेल:

गेला चेंडु कुठे कुणा न कळले, डावा उभा झोपला,
आला शत्रु पुढे, म्हणे 'बस जरा', ह्याने चहा ओतला,
जाळे मागुन ते हसे खदखदा, गोली कसा लोपला,
ऐशा या अकरा वरांस बरवे, कुर्यात् सदा मंगलम्!

एका मात्रेची चूक काढून दाखव! गोंडवनचा खप नऊशेवर गेला. पुड्यांवरचा मजकूर लोक पुडी सोडून वाचू लागले. पानठेल्यावर अष्टक, सायकल रिक्षावाल्यांच्या तोंडी अष्टक, बर्डीच्या बाजारात बँडपार्टीचा सराव चालला होता तर तिथेही क्लॅरिनेटवर तेच. चाळीस वर्षे मी वर्गात कविता शिकवली आणि एकाने जांभई न देता ऐकली नाही. आता सबंध नागपूर मला पाठ म्हणत होते. मी नुसता काठी टेकीत फिरायचो आणि कानांनी पेढे खायचो.

आता खरा प्रसंग. परवा रविवारी लतिकाला पाहायला हुडकेश्वरकडचे स्थळ आले. मुलगा रेल्वेत नोकरीला, गोरा नाही पण उंच, चालताना किंचित लंगडतो, वडील दादाजी साधे, टोपी मांडीवर ठेवून बोलणारे. नाव गोविंदा. मधल्या माणसाने 'मुलगा खेळाडूंच्या जागेवर लागला आहे' एवढेच सांगितले होते, आणि मी कॅरम समजलो. यमुताईने पोहे आणले, लतिकाने बशी पुढे केली, दोघांनी एकमेकांकडे असे पाहिले की यमुताईची बशी रिकामीच राहिली हे दोघांनाही कळले नाही. मी मनात आमरस सुद्धा काढून ठेवला. आणि मग यमुताईने विचारले, खेळता म्हणजे काय खेळता? तर म्हणाला, "फुटबॉल. डावा बॅक."

चंपत्या, माझा पोहा तिथेच अडकला, जिथे यती असतो तिथेच.

दादाजी म्हणाले, "लग्नाले आमची ना नाही, गुरुजी. पोरगी लक्ष्मी हाय. पण एक अट हाय. मंगलाष्टकं नाही म्हणायची. रजिस्टरात सही करू अन् पेढे वाटू."

यमुताई उसळलीच. मंगलाष्टकांवाचून लग्न म्हणजे काय टपालाचे पार्सल? काहून नाही म्हणायची? तेव्हा दादाजींनी टोपी दोनदा फिरवली आणि सांगितले. महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचे, म्हणजे गोविंदाच्या बहिणीचे, लग्न झाले. अंतरपाट धरला, भटजींनी पहिले चरण उचलले, आणि मांडवातल्या दोनशे माणसांनी त्याच चालीवर एका सुरात 'डावा उभा झोपला' सुरू केले. भटजी सुद्धा दुसऱ्या ओळीला सामील झाले, बिचाऱ्याला चाल सोडवेना. अक्षता वधूवरांवर पडल्याच नाहीत, सगळ्या गोविंदाच्या अंगावर. बहीण बोहल्यावर रडली, आणि सासरकडच्यांना वाटले माहेर सुटते म्हणून रडते.

गोविंदा खाली पाहून हसला. मग म्हणाला, मी झोपलो नव्हतो, गुरुजी. बुटाचा तळवा सुटला होता. सुतळीनं बांधला, पहिल्या अर्ध्यात सुतळीबी तुटली. बदली खेळाडू संपले होते. एका बुटावर पळालो, मंग घोटा गेला, मंग उभाच राहिलो. "उभं राहनं बी कठीण होतं, तेवढं लिही म्हना त्या अष्टकवाल्याले." पेपरवाल्यांपैकी एकानेही त्याला विचारले नव्हते. घोट्यामुळे पंधरा दिवस उशिरा स्टेशनवर उतरला तर घ्यायला एकटे दादाजी, आणि बाहेर रिक्षावाला अष्टक म्हणत होता. त्याच रिक्षात बसून दोघे घरी गेले, कारण दुसरी नव्हती.

आणि खिशातून त्याने कात्रण काढले. आठही कडवी, घडीवर फाटलेली, मागून कागद लावून चिकटवलेली. (माझ्या कवितेला आयुष्यात एवढे जपणारा वाचक मिळाला नव्हता, आणि मिळाला तो हा.) म्हणाला, या कंदुकदासाले मी तीन महिने शोधून राहिलो. मारत नाही. त्यानं मांडवात यावं, अन् त्याच चालीवर नवीन म्हणावं. लोकांच्या तोंडातलं जुनं त्याच्याच नव्यानं निघंल, दुसऱ्या कशानं नाही. असं झालं तर मंगलाष्टकं होऊ द्या, नाही तर रजिस्टर. यमुताई म्हणाली, रजिस्टर असेल तर मी कन्यादानाला उभी राहणार नाही. लतिकाने फक्त माझ्याकडे पाहिले. ती नक्कल तिच्याच हातची, हे ध्यानात आहे ना? तिच्या डोळ्यांत पाणी होते की राग, मला चष्म्यातून ठरवता आले नाही, कारण चष्म्यावर पोह्यांची वाफ धरली होती. (पोहे केव्हाच गार झाले होते, हे खरे. पण काहीतरी धरले होते.)

"गुरुजी, तुमी तर कवितेतले मानूस," दादाजी मला म्हणाले, "तुमाले तरी ठाऊक असंल, कोन हाय थो?"

चंपत्या, चाळीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की सत्य बोलावे. त्या क्षणी मला कळले की ते मी फक्त आवाज चढवून सांगत होतो. असो. तेव्हापासून झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जिना उतरताना सुद्धा गद्यात उतरतो. वहिनींना नमस्कार, गुरावासरांना मायेचा हात.

तुझा बालमित्र,
केशव

ता. क. एक राहिलेच. दादाजींना मी उत्तर दिले. कंदुकदास म्हणजे नरखेडचे संत्रा बागायतदार चंपतराव, असे म्हणालो. तोंडातून निघून गेले. नाव वृत्तात चपखल बसत होते. येत्या रविवारी साडेदहाच्या एस.टी.ने गोविंदा, दादाजी आणि संघातले आणखी दोघे तुझ्याकडे येत आहेत. घाबरू नकोस, सज्जन माणसे आहेत. हात तर त्यांना खेळातही लावू देत नाहीत.

दु. ता. क. सोबत नवे अष्टक जोडले आहे. ते तू केलेस असे सांगून मांडवात म्हणायचे आहे. पाठ कर. बाराव्या अक्षरावर थांब, आणि कोणी काही विचारले तर ऐकू आले नाही असे म्हण, तुझ्या बाबतीत ते खरे वाटेल. लतिकाच्या लग्नाचा प्रश्न आहे रे. मला तिच्या डोळ्याला डोळा देववत नाही.

ति. ता. क. (हे अक्षर वेगळे आहे, कारण पाकीट चिकटवण्यापूर्वी पत्र वाचले.) चंपतआजोबा, सा. न. मी लतिका. रविवारी तुम्ही काही पाठ करू नका, फक्त संत्री काढून ठेवा. गोविंदांना मी सोमवारीच बर्डीवर भेटून सगळे सांगितले. ते इतके हसले की लंगडत रस्त्याच्या कडेला बसले. ते संत्र्यांसाठीच येत आहेत, आणि आमचे आजोबा किती दिवस दम धरतात ते त्यांना पाहायचे आहे. एक गोष्ट मात्र तुम्हालाही ठाऊक असावी. त्या दुपारी आजोबा पहिल्या दहा मिनिटांतच घोरत होते, चार गोल झाल्याचे त्यांना मी उठवून सांगितले. गोविंदांना मी हेही सांगितले आहे. आता त्यांची अट थोडी बदलली आहे. नवे अष्टक आजोबांनी स्वतः म्हणायचे, स्वतःच्या नावाने, अंतरपाटाशेजारी, आठही कडवी उभ्याने. आणि न झोपता.