बारा नंबरच्या खिळ्यावरची बाई

तीर्थस्वरूप ताईस,

पाया पडतो. (लांबूनच पडतो. जवळ यायची सध्या छाती नाही, कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? भावजी सकाळी फिरायला जातात, की फिरायचे बूट घालून गॅलरीत पेपर वाचत बसतात? वॉर्डात तुझ्या हाताखाली आलेल्या नव्या नर्सा एव्हाना तुला घाबरू लागल्या असतील, म्हणजे तिकडे सगळं सुरळीत असणार. आम्ही इकडे खुशाल आहोत, निदान हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत तरी. फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहितोस, असं तू म्हणशील. ताई, फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला अडवतेस. पत्रात अडवता येत नाही. तेव्हा एवढंच कर, शेवटपर्यंत वाच आणि बसून वाच.

आमच्या शाळेच्या चित्रसंग्रहाबद्दल मी तुला मागे सांगितलं होतं. (तू जांभई दिली होतीस, पण कानावर पडलं असेल.) ही टूम सहा वर्षांपूर्वी मीच काढली. आसपासच्या चित्रकारांकडून दर वर्षी बारा चित्रं मागवायची, सभागृहातल्या बारा खिळ्यांवर कोणाचंही नाव न लिहिता टांगायची आणि त्यातलं एक मुलांनी निवडायचं. ते शाळेचं झालं. जिन्यासमोरच्या भिंतीवर ते कायमचं लागतं, मग खुद्द मुख्याध्यापिकाबाईंनाही ते काढता येत नाही. निवड चालू असताना आम्ही शिक्षक बाहेर व्हरांड्यात, पहिलीच्या वर्गातल्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून बसतो. आत मुलं प्रत्येक चित्रासमोर तीन मिनिटं गप्प उभी राहतात (प्रयोगशाळेतलं घड्याळ लावून), मग आपापली पुठ्ठ्याची चकती आवडलेल्या चित्राखालच्या डब्यात टाकतात आणि का आवडलं त्याची चिठ्ठी मुलांच्याच निवड समितीकडे देतात. नियम सगळे मी लिहिलेले. आपल्या पायावर धोंडा पाडून घेताना तो किती सुबक आहे हेच माणूस बघत राहतो, तसं माझं झालं होतं.

यंदाच्या बारांत सात नंबर माझा होता. तळं, सूर्यास्त आणि एक होडी. दोन महिने खपलो होतो. (शिक्षकाने चित्र ठेवू नये असा नियम नाही. नियम कोणी लिहिले ते वर आलंच आहे.) सगळं जुळून आलं, आणि निवडीच्या दिवशी सकाळी पाट्या रंगवणारा पेंटर येऊन आपलं चित्र परत घेऊन गेला, कारण त्याच्या बायकोला बैठकीची भिंत भुंडी दिसायला लागली. एकही खिळा रिकामा ठेवायचा नाही, हा चौथा नियम. मी शिपाईमामांना घराची किल्ली दिली आणि सांगितलं, माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेलं चित्र आहे, तेवढं आणून बारा नंबरला लावा. माझ्या डोळ्यांसमोर जुन्या दगडी पुलाचं चित्र होतं. चादरीत गुंडाळलेली चित्रं माळ्यावर दोन आहेत, हे मला व्हरांड्यात बाकावर बसल्यावर आठवलं. तोवर दार आतून लागलं होतं.

ताई, आता घोटभर पाणी पी.

दुसऱ्या चादरीत तू होतीस. होय, तेच चित्र. कलाशाळेच्या प्रवेशाला व्यक्तिचित्र हवं होतं, समोर बसायला कोणी तयार नव्हतं, आणि अक्कलदाढेने गाल सुजलेला असताना तू तीन दिवस खुर्चीत बसलीस. गाल भोपळ्यासारखा, एक डोळा बारीक, आणि कपाळाला अशी आठी, की परीक्षकांनी मला आत घेतलं ते भीतीनेच असावं. चित्र परत आल्यावर तू एकदाच बघितलंस आणि म्हणालीस, जाळून टाक. मी जाळलं म्हणून सांगितलं. तुला परसात नेऊन राखही दाखवली. (ती रद्दीची होती.) या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. मी फार वाईट माणूस नाही, पण एवढा एक खोटेपणा चांगला पोसला आहे.

दार उघडलं तेव्हा बारा नंबरचा डबा भरून चकत्या खाली सांडल्या होत्या. सात नंबरच्या डब्यात दोन होत्या. (पैकी एक चुकून पडली होती, मी चौकशी केली.) निवड समितीची अध्यक्ष नववीतली एक मुलगी आहे. तिला आम्ही शिक्षक आपसात जज्जीणबाई म्हणतो. ती नियमांचा कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. नियम नऊ : चित्रात माणूस असेल तर त्या माणसाची लेखी संमती हवी, नाहीतर निवड रद्द आणि भिंतीवरची त्या वर्षीची जागा रिकामी. तर सर, या बाई कोण? माझी बहीण, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण ते म्हटले असते तर संध्याकाळी तुला फोन करावा लागला असता. मी म्हणालो, चित्र जुन्या बाजारात मिळालं, कोणी अनोळखी बाई असाव्यात. जीभ कशी रेटली कोण जाणे. मी या मुलांना सहा वर्षं सांगत आलो आहे की चित्रात खोटं खपत नाही.

मला वाटलं, प्रकरण तिथेच थंड होईल. पण मुलांनी चित्राचा फोटो काढला, त्याच्या दीडशे प्रती काढल्या, वर मोठ्या अक्षरांत 'या बाईंना ओळखता का?' असं छापलं आणि सगळीकडे चिकटवल्या. बसथांबा, वाचनालय, किराणा दुकान, केस कापायची दुकानं, काही सुटलं नाही. दातांच्या डॉक्टरांनी मोठी प्रत मागून घेतली. ती लावल्यापासून पेशंट वेळेवर येतात म्हणे. एक हवालदार शाळेत येऊन बाईंवर गुन्हा कसला आहे ते विचारून गेला. मी सकाळी छत्री आडवी धरून शाळेत जातो, ऊन असलं तरी. आणि काल बाजारात तुझ्या धाकट्या जाऊबाईंनी मला गाठलं. "दादा, आमच्या मोठ्या जाऊबाईंनी केलंय तरी काय हो?" मी म्हणालो, नुसतं साम्य आहे. त्या म्हणाल्या, "गाल सारखा असेल, पण ही आठी दुसरीकडे कुठे होत नाही." त्यांनी एक प्रत घडी करून पिशवीत घातली आहे. म्हणून हे पत्र घाईने लिहितो आहे. त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढीच धडपड.

आता तू विचारशील, जाळलं का नाहीस? ताई, मी आजवर चांगलं काढलेलं चित्र ते एकच आहे. मला हे आतून ठाऊक होतं. मुलांनी चकत्या टाकून सांगितलं, तेव्हा कबूल करावं लागलं. माझ्या होडीबद्दल त्यांचं मत 'बरी आहे, कॅलेंडरात शोभेल' असं आहे. तू मला काय वाटेल ते बोल, फक्त गप्प बसू नकोस. तू गप्प बसलीस की मला रात्रीचं जेवण जात नाही, हे लहानपणापासूनचं आहे.

भावजींना नमस्कार. त्यांना हे पत्र दाखवू नकोस. ते हसतील, आणि मग तू जास्त चिडशील.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. सोबत संमतीचा कागद आहे. फुली मारली आहे तिथे सही करायची. हे पत्र आणणारा बसचा कंडक्टर माझ्या ओळखीचा आहे, तो परतीच्या फेरीला कागद घेऊन येईल. शुक्रवारपर्यंत यायला हवा, शनिवारी चित्र भिंतीवर लागायचं आहे. 'नाही' असंही लिहिता येतं. तसं लिहिलंस तर मी स्वतः चित्र उतरवीन आणि या वेळी खरंच जाळायला तुझ्या हवाली करीन.

ता. क. दुसरा. मुलांना मी खोटं सांगितलं असं वर लिहिलं आहे. ते आता जुनं झालं. पाकीट बंद करायच्या आत मधल्या सुट्टीत समितीपुढे जाऊन सगळं सांगून आलो, राखेसकट. मला वाटत होतं, मुलं गालाला हसली असतील आणि गंमत म्हणून चकत्या टाकल्या असतील. जज्जीणबाईंनी मला कारणांच्या चिठ्ठ्या वाचायला दिल्या. गालाबद्दल कोणीच काही लिहिलेलं नाही. बहुतेकांनी लिहिलंय, या बाईंना फार दुखतंय आणि तरी त्या हललेल्या नाहीत.

ता. क. शेवटचा. सही नुसती पाठवू नकोस, शनिवारी तूच ये. मुलांना तुला एक प्रश्न विचारायचा आहे : एवढं दुखत होतं तर तीन दिवस बसलात कशाला? त्यांनी तो आधी मला विचारला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की सव्वीस वर्षांत मी तुला हे एकदाही विचारलेलं नाही.