आई आता सातला उठते

प्रिय ठमे,

तुझ्या बाबांनी चुगली केलीच असेल, की तुझी आई हल्ली सातपर्यंत घोरत पडते आणि सकाळचा चहा त्यांना करावा लागतो. खरं आहे. कोंबडं आरवायच्या आधी शिलाई मशीन सुरू करणारी बाई मी, आता उन्हं डोळ्यांवर आली की उठते. घोरत मात्र मुळीच नाही.

चिमणीशी बोलता यावं म्हणून मी हातांची भाषा शिकतेय, हे तुला ठाऊकच आहे. नातीला ऐकू येत नाही, तर आजीनं हात हलवायला नकोत का? पण मागच्या खेपेला सशाची गोष्ट सांगायला गेले आणि बोटांचा असा काही गुंता झाला, की पोरगी कंटाळून खेळायला निघून गेली. तेव्हा हसले मी, पण मनाला फार लागलं. म्हणून पहाटे चारचा गजर लावून आरशापुढे सराव सुरू केला. तर कुठलं काय! खुणा आठवायच्या, पण हात वळायचे नाहीत.

त्यावर झोपेच्या प्रयोगशाळेत लोकांच्या डोक्याला वायरी चिकटवणारी माझी लेक, म्हणजे तूच, मलाच रागावलीस. शिकलेले शब्द रात्रीच्या सुरुवातीच्या गाढ झोपेत मुरतात म्हणे, आणि हातांना वळण लागायला पहाटेची हलकी, स्वप्नांची झोप लागते. मी नेमकी तीच कापून टाकत होते. कापड वाचवायच्या नादात बाह्याच उडवल्या की गं मी!

लेकीचं ऐकायचं जिवावर आलं, पण गजर बंद केला. संध्याकाळी सराव, मग ताणून झोप. सुरुवातीला चोरी केल्यासारखं वाटायचं. शेजारीण तर तब्येतीची चौकशी करून गेली. आणि परवा भाजी चिरता चिरता हातांनी आपसूक ससा केला! सुरी बाजूला ठेवून मी अख्खी गोष्ट ओट्यावरच्या भोपळ्याला सांगितली. बाबा दारात उभे होते. भोपळ्याला गोष्ट आवडली, असं त्यांचं मत पडलं.

हे सगळं फोनवर सांगताना रडू आलं असतं, म्हणून लिहितेय. रविवारी याल तेव्हा तू चिमणीच्या नि माझ्या मध्ये बसू नकोस. मी अडखळले तरी सावरायला येऊ नकोस. आत जाऊन बाबांच्या हातचा चहा पी. इतकी वर्षं ती हातांनी बोलायची आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायची, काय म्हणाली ते तू सांगशील म्हणून. या वेळी मला तिच्याकडे बघायचंय.

तुझीच,
झोपाळू आई