पट्टीवरचा शेक

४ डिसेंबर
नारायण पेठेत, सुहासिनीच्या फ्लॅटवर आज सामान लावलं. लेक दीक्षा खराडीला, नोकरीत बुडालेली. म्हणून आईच्या सोबतीला मी. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. सकाळच्या प्रार्थनेला माझी बोटं गारठली की सुहास ती आपल्या काखेत दाबून धरायची. सिस्टर वळल्या की लगेच हात जोडायचे. आज चहा घेताना दोघी त्यावर पुन्हा तितक्याच हसलो.

६ डिसेंबर
दीक्षाने औषध समजावलं. सुहासच्या छातीवर रोज सकाळी एक चौकोनी पट्टी चिकटवायची. तिच्यातलं औषध त्वचेतून रक्तात उतरतं, रक्तवाहिन्या सैल करतं, हृदयाचा भार हलका होतो. पट्टीवर शेक मात्र कधीच नाही. उष्णतेने औषध भराभर आत जातं आणि रक्तदाब कोसळतो. श्यामलामावशी, एवढं एकच सांभाळ, म्हणाली. सुहासचं म्हणणं, डॉक्टर स्वतः स्वेटरवर मफलर गुंडाळून हे सांगतो.

११ डिसेंबर
कडाक्याची थंडी. दुपारभर सुहास कुडकुडत होती. मला बघवेना. रबरी पिशवी गरम पाण्याने भरून तिच्या छातीवर ठेवली. पट्टी काढायची विसरले.
नाही, विसरले नव्हते. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं. छान वाटतंय गं श्यामे, म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

१४ डिसेंबर
हृदयच थकलं होतं, असं सगळे म्हणतात. दीक्षा माझ्या गळ्यात पडून रडली. तू होतीस म्हणून आई सुखाने गेली, म्हणाली. मी तिची पाठ थोपटत राहिले. पिशवी मी कुणी यायच्या आत रिकामी करून कपाटात कोंबली होती.

१७ डिसेंबर
तेराव्यापर्यंत राहा, असा दीक्षाचा आग्रह. संध्याकाळी कपाट उघडलं. पिशवी भरलेली. गरम.

१९ डिसेंबर
आज ती पिशवी माझ्या अंथरुणात होती. दीक्षाला फोन लावला, सांगणारच होते — तिने विचारलं, मावशी, जेवलीस का. जेवले म्हणाले.

२० डिसेंबर
आंघोळीच्या वेळी पाहिलं — छातीवर पट्टी. मी लावलेली नाही. सोलली. खाली दुसरी.

२१ डिसेंबर
भर दुपार. पिशवी छातीवर. ढकलावी तर डावा हात — कुणाच्या तरी काखेत. गार काख. रागावली असती तर बरं — छान वाटतंय ना श्यामे, विचारते. अक्षरं हलतात — दीक्षा, मी विसरले नव्हते, मी तुझ्या आईला