लहान्यात तिघी, मोठ्यात एक

बोरगाव मेघे, वर्धा
रविवार, ८ ऑक्टोबर २००६

चि. सूरज यास,

ताईचा जय सेवा. तुझं पत्र आणि त्यातलं टीव्हीच्या जाहिरातीचं कात्रण मिळालं.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते, नाहीतर पुढचं सगळं तुला उलटं वाटेल. आपल्या टीव्हीची ट्यूब गेली, चित्र कडेनं काळं पडतं, असं मी लिहिलं होतं. ट्यूब गेलेली नाही. दसऱ्याच्या आधी आर्वीचा मेकॅनिक येऊन मागचं झाकण उघडून पाहून गेला. "याले काही झालं नाई," म्हणाला. मी स्वतः पाहून लिहिलं नव्हतं. मी शनिवारी गावी पोचते तेव्हा लोडशेडिंग असतं. माय म्हणाली, काळं दिसतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "हो, मलेही थोडं तसंच वाटते." बाबांचं तुला माहीत आहे. मायला भाजी अळणी लागली की त्यांनाही लागते.

तर टीव्ही चांगला आहे, आणि तरीही आपण नवा घेतोय, कारण ते थांबवणं आता कोणाच्याच हातात राहिलेलं नाही. तू पुण्याहून एकोणतीस इंची म्हणतोस, बाबा 'सरपंचापेक्षा बोटभर तरी मोठा' म्हणतात, आणि येत्या रविवारी कारंजाचे मुलीकडचे पाहुणे तुझ्यासाठी आपलं घर पाहायला येणार आहेत.

तुला राग येईल, पण विचारते. मुलीच्या वडिलांना तुला मुलगा दाखवायचा आहे की टीव्ही? सपाट काचेचा म्हणून 'फ्लॅट' लिहिलंय, त्या शब्दाखाली तू इतक्या जोरात रेघ ओढलीस की कागद फाटला. कात्रणातल्या चित्रातल्या त्या बैठकीच्या खोलीत आपलं अख्खं घर मावेल, हे तुला दिसलं नाही का? एकोणतीस इंचीचं मागचं पोट केवढं असतं, पाहिलं आहेस? तो भिंतीपाशी ठेवायचा तर धान्याची कोठी सरकवावी लागते. कोठी सरकवली की ती देवाच्या कोनाड्यापुढे येते, आणि तिथे बाबा काही ठेवू देत नाहीत. मी म्हटलं, मग टीव्ही ठेवायचा कुठे? तर म्हणाले, "तू शिकलेली हायेस, तूच सांग."

घरात मी पहिली शिकले. त्याचा अर्थ आता असा झाला आहे की खताच्या पिशवीवरची अक्षरं, मोहल्ल्यातल्या प्रत्येकाचं वीजबिल आणि कोठी कुठे सरकवायची, हे सगळं मलाच विचारायचं. आणि मी जे सांगेन ते सोडून दुसरंच करायचं.

असो. काल आम्ही तिघं वर्ध्याला मोतीलालजींच्या दुकानात गेलो. मायचं यायचं मन नव्हतं, पण नव्या वस्तूला आधी तिचा हात लागल्याशिवाय बाबा ती घरात आणत नाहीत. कोंबड्यांच्या खुराड्यालाही लावला होता, तुला आठवत असेल.

दुकानात भिंतभर टीव्ही होते, लहान, मोठे, आणि सगळ्यांवर एकच मालिका चालू होती. तीन बाया सोफ्यावर बसून एकमेकींना टोमणे मारत होत्या. माय सवयीप्रमाणे दाराशी खाली बसायला लागली. मोतीलालजींनी तिला उठवून एकोणतीस इंचीच्या अगदी पुढ्यात खुर्चीवर बसवलं. "मावशी, समोर बसा. पाहा, चेहरे कसे साफ दिसते."

सूरज, ती टीव्हीच्या समोर बसली ती बहुतेक पहिल्यांदाच. आपल्याकडे मोहल्ला टीव्ही पाहायला येतो तेव्हा आलेल्यांनी पुढे बसायचं आणि घरच्यांनी मागे, हे आजोबांच्या वेळेपासूनचं. त्या वेळी टीव्ही नव्हता, पण माणसं बसत होतीच. माय तर सगळ्यांच्या मागे, चुलीशेजारी. तिला नीट दिसत नाही ते लांबून, म्हणून मोठा घेऊ, असं तू लिहिलंस. मलाही ते पटलं होतं.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग खालच्या फळीवरच्या सगळ्यात छोट्या टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "मले तो लहाना पाहिजे."

मोतीलालजी हसले. "मावशी, लोक येते अन् मोठा मागते. तुम्ही मले धंद्यातून उठवता काय?"

"पैसे वाचवून राह्यली ते," बाबा म्हणाले. "तिचं मनावर नका घेऊ."

"पैशाचं नाई वो. लहान्यात तिघी हाय. याच्यात एकच बाई हाय. बाकीच्या कुठं गेल्या?"

दुकानातले सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते दोन्ही टीव्ही आळीपाळीने पाहून आले. त्यांना दोन्हीकडे तिघी दिसल्याच असणार, पण त्यांनी मायचीच बाजू घेतली. "हा खराब हाय. दुसरा लावा."

"अहो जंगूभाऊ, एकाच केबलवर सगळे चालून राह्यले! याच्यातल्या दोन बाया काय मी घरी नेल्या?"

"मंग तिले काऊन दिसत नाई?"

मोतीलालजींनी शेजारचा दुसरा मोठा टीव्ही लावला. माय मान हलवत म्हणाली, "याच्यातही एकच." बाबा पिशवी उचलून उठले. "चाल वं. याच्याकडचा मालच तसला हाय." मोतीलालजींचा चेहरा लाल झाला. बाबा ओरडले असं मी लिहिणार होते, पण ओरडले नाहीत, जोरात बोलले. तेवढ्यानेही रस्त्यावरची माणसं थांबून आत पाहायला लागली. गावाकडून आली असतील, यांना टीव्ही काय कळतो, असं त्यांच्या तोंडावर होतं. मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं आणि मी मायवर चिडले. "माय, नीट पाहा ना जरा!"

तिने नीट पाहिलं. कोणी बाजूने हाक मारल्यावर आपण वळतो तशी तिने मान डावीकडे वळवली. म्हणाली, "हो वं, हे दुसरी हाय." मग उजवीकडे. "हे तिसरी. पण आता पहिल्या दोघी गेल्या."

मी तिच्या मागे उभी होते. मी मोतीलालजींना म्हटलं, टीव्ही चांगला आहे, गुरुवारी टेम्पोने पाठवा. तुझा एकोणतीस इंची फ्लॅट असा ठरला.

ही गोष्ट पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायला हवी होती. कोठीचं आणि कात्रणाचं लिहीत बसले. आता सरळ लिहिते. टीव्हीत काही नाही. मायच्या डोळ्यांत आहे.

काल ते दोघं माझ्याच खोलीवर राहिले. शेजारच्या मंदाबाई सेवाग्रामच्या दवाखान्यात सिस्टर आहेत. चहाच्या वेळी त्यांना बोलावलं. त्यांनी मायला आपल्या नाकाकडे पाहायला सांगितलं आणि चमचा तिच्या कानापासून हळूहळू पुढे आणला. "दिसला की सांगा रुखमाबाई." चमचा मंदाबाईंच्या नाकापाशी येईपर्यंत माय "नाई, नाई" म्हणत होती. दुसऱ्या बाजूनेही तेच. मग मंदाबाई मला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "मी डॉक्टर नाई, पण मले काचबिंदू वाटते. मोतीबिंदू नाई, काचबिंदू. नजर कडेकडेनं जाते, माणसाले समजतही नाई. गेलेली परत येत नाई पोरी. राह्यलेली तेवढी राखता येते, पण रोज थोडी थोडी जाऊन राह्यली असन. वाट नको पाहू."

तू कल्पना कर. नळीतून पाहिल्यावर जेवढं दिसेल तेवढं तिला दिसतं. लहान टीव्ही त्या नळीत मावतो, मोठा मावत नाही. आपण तिला चांगलं दिसावं म्हणून मोठ्यातला मोठा टीव्ही शोधत होतो!

आता आठवायला लागलं की सगळंच आठवतं. दाराच्या चौकटीला खांदा लागतो, आपण म्हणायचो घाई. कपाशी वेचताना तिच्या ओळीतली कडेची बोंडं राहून जातात. बायका तिला चिडवतात, "रुखमा अर्धी मालकाले वेचते, अर्धी चिमण्याइले." तीही हसते.

आत येऊन मी दोघांना स्पष्ट सांगितलं. मंदाबाई म्हणत होत्या, 'बाजाराला चाल म्हण आणि दवाखान्यात ने.' मला तसं करता येत नाही. मी सांगितलं, माय, तुझी नजर जाऊन राहिली आहे, दवाखान्यात यावं लागेल.

ती चहा फुंकत होती. म्हणाली, "मले माईत हाय."

मागच्या वर्षीच्या वेचणीपासून तिला माहीत आहे, सूरज. डोळ्यांना कमी दिसतं एवढं माहीत होतं. फक्त टीव्हीचा दोष वेगळा आणि डोळ्यांचा वेगळा, असं ती समजत होती. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तर तिने जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझ्यासाठी आहे. "आंधळ्या सासूच्या घरी कोण पोरगी देते? सूरजचं होऊन जाऊ दे. अन् टीव्ही मोठा असला तं पाहुणे टीव्हीकडं पाहतीन, माह्याकडं कोण पाहते?"

मला वाटलं, बाबा आता तरी काही बोलतील. ते म्हणाले, "पाहुणे जाऊ दे अंजू. दिवाळी होऊ दे. मंग पाहू."

मग दोघांनी मिळून काय काय ठरवलं, ऐक. रविवारी पाणी द्यायला शेजारची रक्षा येणार. माय उठणार नाही, कंबर धरली म्हणायचं. टीव्ही मोठ्याने लावायचा. मी पाहुण्यांशी बोलत राहायचं, कारण मी शिकलेली आहे. मी म्हटलं, मला कोणी विचारलं तर मी खरं सांगेन. माय म्हणाली, "मंग तू येऊच नको." बाबा म्हणाले, "हेच शिकवते काय तुमच्या शाळेत?" हो, हेच शिकवतो. चौथीच्या पोरांना मी रोज हेच शिकवते आणि घरी मला कंबर धरल्याचं सांगायचं आहे!

तिला भीतीही आहे. वरच्या मोहल्ल्यातली आनंदाबाई कुठल्याशा शिबिरात डोळे दाखवायला गेली होती. "ते पायानं गेली अन् दुसऱ्याचा हात धरून आली," एवढंच माय म्हणते. मी म्हटलं, तिचा आजार काय होता, ती किती उशिरा गेली, तुला ठाऊक आहे का? ती म्हणाली, "तुले हाय?" मलाही नाही. तेही मी तिला सांगितलं. डॉक्टर काय करतील, किती नजर वाचेल, हेही मला माहीत नाही. दिवाळीपर्यंत थांबलो तर अजून जाईल, एवढंच माहीत आहे.

आज सकाळच्या गाडीने ते दोघं गावी गेले. गाडीत चढताना मायने पायरी पायाने चाचपली. आधीही चाचपत असेल.

आता तुझं काम. हे पत्र तुला बुधवारी मिळायला हवं. आजच स्टेशनवरच्या पेटीत टाकते आहे. बुधवारी संध्याकाळी नत्थूच्या दुकानातल्या फोनवर फोन कर आणि मायला बोलावून घे. मीही तेव्हा गावीच असेन. तिला लांबलचक सांगू नकोस. पाहुण्यांना मी स्वतः कळवतो, एवढं सांग. आणि खरंच कळव. मुलीच्या वडिलांना सांग की माझ्या आईला कमी दिसतं, ती दवाखान्यात आहे, हे चालत असेल तर या. ते आले तर चांगलं. नाही आले तर तुला वाईट वाटेल, ते मला कळतं. ती मुलगी तुला आवडली आहे, हेही मला माहीत आहे. 'फ्लॅट'खालची रेघ काही टीव्हीसाठी नव्हती. पण तिच्याशी लग्न करून तू मायला कुठल्या कोपऱ्यात लपवणार आहेस, हे मला सांग.

बाबांना दोष देऊ नकोस. ते तिच्या 'हो'ला 'हो' म्हणतात. म्हणूनच तिचं 'हो' आधी मिळवायचं आहे, आणि ते तू म्हटल्याशिवाय मिळायचं नाही. घरात शिकलेली मी आहे, पण तिथे माझं शिक्षण काही कामाचं नाही. ती ऐकते तुझं.

बुधवारपर्यंत शाळेत सहामाही परीक्षा आहे, वर्ग सोडता येत नाही, नाहीतर उद्याच गेले असते. पुढची रजा आज मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन लिहून घेतली आहे. मंदाबाई डोळ्यांच्या विभागात भेटतील. मोतीलालजींचा टेम्पो गुरुवारी दुपारी गावात येईल. बाबा टीव्ही उतरवून घेतील, कोठी कुठे सरकवायची ते सरकवतील, मला विचारू नये. माय तेव्हा घरी नसेल. तुझा फोन आला तरी आणि नाही आला तरी, ती चिडली तरी, रडली तरी, आर्वीच्या पहिल्या एसटीने मी तिला सेवाग्रामला घेऊन निघणार आहे. गुरुवार, १२ ऑक्टोबर.

तुझ्यावर रागावलेली, आणि तुझ्याच फोनची वाट पाहणारी,
अंजूताई