जेवण, बारा ते साडेबारा
फ्रेस्नो, ३ ऑक्टोबर

एलोदियाताई,

ग्वादालुपेच्या देवीमाउलीच्या कृपेने मी ठणठणीत आहे, तूही असशील. आईचा गुडघा कसा आहे?

काल टपालाने पीचची फळं खोक्यांत भरायच्या त्या शेडकडून चेक आला. जेवायला न सोडता राबवलं म्हणून आम्हा सगळ्यांच्या वतीने खटला झाला होता, त्यात तडजोड झाली म्हणे. ज्या शेडने कधी अर्धा तास दिला नाही, ती घरपोच पैसे देईल?

मुकादम बेनिग्नो फळांचा सरकता पट्टा थांबवायचाच नाही. आम्ही उभ्याउभ्या तोंडात बुरितोची पोळी कोंबायचो आणि तो वहीत प्रत्येकीच्या नावापुढे लिहायचा, 'जेवण, बारा ते साडेबारा'. आज बाजारात भेटला तर गोड हसून म्हणाला, "चेक वटवलास का गं? वाट कसली बघतेस?" हा सापळाच असणार, मी भाजी न घेताच घरी आले.

शेजारची चायो म्हणते, "खटल्याचा वकील खरा आहे, मी पाहिलाय त्याला." चायोला लॉटरीची थापही खरीच वाटली होती.

ताई, चेक तुझ्या नावाचा आहे. गावी परतताना तू मला तुझं कामाच्या परवान्याचं कार्ड दिलंस, त्यावरच मी चार वर्षं राबले. आता बँकेत विचारलं, एलोदिया कोण, तर? चेक पिठाच्या डब्यात दडवलाय. एका कोऱ्या कागदावर तुझी सही करून पाठव, मी गिरवून बघते. भाओजींना सांगू नकोस.

चार वर्षं उपाशी मी राहिले, पण त्यांच्या कागदांत भूक तुला लागली होती.

आईला मुका.

तुझी, म्हणजे इथली एलोदिया,
नेरेदा