पुन्हा भरायचे सेल

प्रिय मिसाओ,

तू पाठवलेले लोकरी मोजे मिळाले. ते घालूनच लिहायला बसलेय. समुद्र निवळलाय, बोट पुन्हा रोज येते, आणि तुला सांगण्यासारखं बरंच साठलंय.

सुरुवात वसंतात झाली. ओहोटीला सूपसाठी हिजिकीचं शेवाळ काढायला धक्क्याखालच्या खडकांवर गेले, तर शेवाळाच्या मुळाशी फुगून फुटलेले सेल. तांबूस चिकटा गळत होता. रात्री ऑक्टोपस धरायला जाणारे टॉर्चमधले संपलेले सेल सरळ पाण्यात टाकतात. वेगळे साठवून बेटावरून पलीकडे बोटीने पाठवायचा कंटाळा. त्या दिवशी भरलेली टोपली मी तिथंच ओतून दिली आणि चिडून घरी आले.

मग पुन्हा भरता येणारे सेल मागवले, भरायचं यंत्र आणलं, दक्षिणेच्या भिंतीवर उन्हातून वीज करणारी पाटी लावून घेतली आणि हेच सेल वापरा म्हणत घरोघर फिरले. दुकानदार इवामात्सुंनी गिऱ्हाइकांसमोर माझी टर उडवली. "तोमोएवहिनी, वादळात वीज गेली की तुमचे सेल काय चाटायचे? आणि चार दिवस ऊन नाही पडलं तर सूर्याला फोन लावणार?" सगळे हसले. मी म्हटलं, "हसा. पण हिजिकी तुमच्याही सूपमध्ये असते, भावजी." आपल्या शेजारच्या कियोआजी तेवढ्या माझ्या बाजूच्या. तेही बहुतेक माझी कीव येऊन.

सप्टेंबरात वादळ आलं. वीज गेली, फोन गेला, बोट बंद. दुकानातले सेल पहिल्याच दिवशी संपले. खरं सांगते, मलाही धडकी भरली होती. माझ्याकडचे भरलेले सेल वाटून टाकले होते आणि आभाळ काळंच. इवामात्सुंचं म्हणणं खरं ठरणार, असं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ढग फाटले. मी पाटी पुसली, यंत्र जोडलं, आणि दुपारपर्यंत अंगणात रेडिओ नि टॉर्च घेऊन माणसांची रांग! कियोआजींच्या रेडिओवरच कळलं की दुसरं वादळ मागोमाग येतंय. मग पुरुषांनी होड्या वर ओढल्या. एकही फुटली नाही.

इवामात्सु सगळ्यात शेवटी आले, टॉर्च रेनकोटात लपवून. मी त्यातले संपलेले सेल काढून भरलेले घालून दिले. जाताना खालमानेनं म्हणाले, "दुकानातली एक फळी रिकामी करतो, वहिनी. तुमचं यंत्र तिथं ठेवा. पण बसायचं मात्र तुम्ही. ते लाल-हिरवे दिवे मला नाही कळत."

तेव्हापासून रोज सकाळी मी दुकानात असते. धक्क्यावरून आता कुणी सेल टाकताना दिसला, तर माझ्याआधी इवामात्सुच त्याच्यावर ओरडतात.

बाबा गेल्यापासून तू काळजीनं विचारतेयस आणि मी प्रत्येक वेळी हवापाण्याच्या गप्पा मारून टाळतेय. आज नाही टाळत. ओसाकात माझ्यासाठी बघितलेली ती खोली सोडून दे, बाळ. चांगली आहे, उजेडाची आहे, तुझ्या घराजवळ आहे. तरी मी येणार नाही. मी इथं एकटी पडलेय म्हणून तू ती शोधलीस, आणि तेव्हा ते खरंच होतं. आता उद्या समोरच्या बेटावरून बायका येतायत, हे सगळं शिकायला. मला लवकर उठायचंय.

तुझीच, हट्टी
आई